ओव्हनला हात न लावता भोपळ्याचं गोड

थँक्सगिव्हिंगच्या दिवशी ओव्हनवर पहिला हक्क टर्कीचा. साडेपाच-सहा किलोंचा पक्षी १६३ अंश सेल्सिअसला भाजायचा तर तीन ते पावणेचार तास जातात, तेही पोटात सारण भरलेलं नसेल तर. तो बाहेर येतो तोवर रताळी, पाव, फरसबीचं कॅसरोल हे सगळे नंबर लावून बसलेलेच असतात. नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी अमेरिकेत ज्या घरी जेवणावळ असते, तिथे दुपारभर ओव्हन रिकामा सापडत नाही. माझ्या नणंदेने यंदा गोडाचं खातं माझ्याकडे दिलं तेव्हा फोनवरच सांगून टाकलं, "वहिनी, भोपळ्याचं काहीही कर, पण ओव्हन मागू नकोस. फ्रिजमध्ये एक कप्पा देते, तोही बळंच."

म्हणजे नेहमीचा पंपकिन पाय (पिठाच्या पारीत भाजलेलं भोपळ्याचं गोड सारण) बाद. मला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. त्या टेबलावर पाय आणणारे आणखी दोघं-तिघं असतातच, आणि सगळ्यांच्या पायची चव साधारण एकच असते, कारण कृती बहुतेक जण भोपळ्याच्या गराच्या डब्यावर छापलेलीच करतात.

पण ओव्हन जाणार तर त्याच्याबरोबर काय काय जातं, याचा हिशेब आधी मांडावा लागला. पायमध्ये ओव्हन दोन कामं करतो. भोपळ्यातलं पाणी बऱ्यापैकी उडवतो, आणि अंड्यातल्या प्रथिनांना आवळून सारण घट्ट बसवतो. ही दोन्ही कामं आता आपल्या गळ्यात. कच्च्या लाल भोपळ्याच्या वजनात ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं, आणि शिजवून त्याचा गर केला तरी आकडा फारसा हलत नाही. न भाजता केलेल्या भोपळ्याच्या गोडाबद्दल ज्या तक्रारी ऐकू येतात, म्हणजे सुरी लावली की ढासळतं, तळाच्या बिस्किटाचा लगदा होतो, कडेने पाणी सुटतं, चव पचपचीत लागते, त्या सगळ्या फिरून या पाण्यापाशीच येतात. त्यामुळे मी जे काही केलं त्यात निम्म्याहून अधिक वेळ पाणी काढण्यात गेला. बाकीचं सोपं होतं.

बेत दोन पदार्थांचा ठरवला. एक चीजकेक, कारण तो कापून वाटता येतो आणि टेबलावर भारदस्त दिसतो. दुसरे ट्रफल, म्हणजे भोपळ्याच्या सारणाचे चॉकलेटमध्ये बुडवलेले छोटे गोळे. त्यांना ताटली लागत नाही, चमचा लागत नाही, आणि पोटभर जेवून "आता नको" म्हणणारी माणसंही जाता जाता दोन उचलतात.

भोपळा ताजा घ्यायचा की डब्यातला, यावर लोक तावातावाने बोलतात. माझं मत सरळ आहे: या कामाला डबाच बरा. ऑक्टोबरात दारोदार डोळे-तोंड कोरून ठेवतात तो मोठा नारिंगी भोपळा खायला बेचव, रेषाळ आणि पाणचट असतो. तो शोभेसाठीच वाढवतात. ताजाच हवा असेल तर लहान, वजनाला जड, पाय पंपकिन किंवा शुगर पंपकिन म्हणून विकतात तो घ्यावा. डब्यातला भोपळा मात्र या दोघांपैकी कोणीच नसतो. तो बहुतेक डिकिन्सन नावाच्या वाणाचा असतो. फिकट बदामी सालीचा, लांबट, जातकुळीने बटरनट स्क्वॉशचा सख्खा नातलग, म्हणजे वनस्पतिशास्त्रातला कुकुर्बिटा मॉस्काटा. डब्यासाठी लागणाऱ्या भोपळ्याचा मोठा भाग एकट्या इलिनॉय राज्यात पिकतो, आणि तिथलं मॉर्टन हे गाव स्वतःला जगाची भोपळा-राजधानी म्हणवतं. डब्यावरचं चित्र कितीही नारिंगी असलं तरी आत हा बदामी गडी. त्याचा गर दाट, गोडसर आणि रेषा नसलेला, आणि दर डब्याला तसाच. घरी शिजवलेल्या भोपळ्याचं तसं नसतं. एक भोपळा वाटीभर पाणी सोडतो, दुसरा दोन वाट्या.

डबा घेताना एवढंच पाहायचं की घटकांत फक्त भोपळा लिहिलेला आहे. शेजारीच अगदी तसाच दिसणारा पंपकिन पाय फिलिंगचा डबा असतो, त्यात साखर आणि मसाला आधीच घातलेला. पायला तो चालतो. आपल्याला ज्यातून पाणी काढायचं आहे, त्यात साखर नको.

आणखी एक. न भाजता म्हणजे न शिजवता नव्हे. डब्यातला गर डबाबंद करतानाच पूर्ण शिजलेला असतो, म्हणून तो तसाच वापरला तरी पोटाला काही होत नाही. ताज्या भोपळ्याच्या फोडी मात्र वाफवून मऊ कराव्याच लागतात. वाफवल्यावर लगेच मिक्सरला लावू नये. चाळणीत पसरून वाफ जाऊ द्यावी, जमलं तर कोरड्या कढईत दोन मिनिटं परतावं, मग वाटावं.

आता पाणी. दोन वाटा आहेत आणि मी दोन्ही वापरते, वेगवेगळ्या कामांसाठी. घाई असेल तेव्हा ताटात कागदी टॉवेलची दुहेरी घडी पसरायची, तिच्यावर गर बोटभर जाडीचा थापायचा, वरून पुन्हा टॉवेल ठेवून तळहाताने दाबायचं. टॉवेल भिजून जड होतो. तो बदलून पुन्हा दाबलं की गराची अख्खी पोळी कागदापासून सुटून हातात येते, आणि ती अशी सुटली म्हणजे बेताचं पाणी गेलं असं समजायचं. यात शेगडी लागत नाही, गराचा रंगही उजळ राहतो.

दुसरी वाट आटवण्याची, आणि चवीला ती कितीतरी सरस. पसरट, जाड बुडाच्या पॅनमध्ये ४२५ ग्रॅमचा अख्खा डबा ओतला, मध्यम आच ठेवली आणि लाकडी उलथन्याने ढवळत राहिले. आधी तो नुसता फदफदतो आणि हातावर चटके देणारे शिंतोडे उडवतो. तेव्हा आच कमी करायची. मग हळूहळू वाफ दाट होते, डब्याचा तो धातूसारखा वास निघून जातो आणि भाजलेल्या रताळ्याच्या जवळ जाणारा गोडसर दरवळ येतो. रंग केशरीकडून तांबूस तपकिरीकडे सरकतो. उलथन्याने मधोमध रेघ ओढली की ती मिटायला वेळ लागला पाहिजे. मी डोळ्यांवर विसंबत नाही, पॅन रिकामा असताना त्याचं वजन करून ठेवते आणि मध्येच पॅनसकट काट्यावर ठेवून बघते. ४२५ चे २८० ग्रॅम झाले की चीजकेकसाठी पुरे. म्हणजे जवळजवळ वाटीभर पाणी, २५० मिलिलिटरच्या मापाने अर्ध्याहून जास्त कप, हवेत गेलं. तेवढं पाणी चीजकेकमध्ये राहिलं असतं तर त्याला धरून ठेवायला आणखी काहीतरी घालावं लागलं असतं, आणि ते काहीतरी बहुतेक वेळा जिलेटिन असतं. त्याच्याकडे येतेच.

त्याआधी मसाला, कारण तो आटवतानाच घालायचा असतो. पंपकिन स्पाइस म्हणून जी पूड मिळते तिच्यात भोपळ्याचा अंशही नसतो. दालचिनी, सुंठ, जायफळ, लवंग आणि ऑलस्पाइस एवढाच तो खेळ. तयार मिश्रणाच्या बाटल्या अमेरिकेत १९३० च्या दशकापासून मिळतात, आणि २००३ मध्ये स्टारबक्सने त्याच नावाची लाटे, म्हणजे दुधाळ कॉफी, आणल्यावर त्या वासाने सगळा शरद ऋतूच ताब्यात घेतला. मी घरी मिसळते: चार भाग दालचिनी, दोन भाग सुंठ, एक भाग जायफळ, अर्धा-अर्धा भाग लवंग आणि ऑलस्पाइस. लवंग याहून वाढली की दाताच्या औषधाची आठवण होते.

भाजण्याच्या पदार्थात मसाला ओव्हनच्या उष्णतेने आपोआप खुलतो. इथे तशी सोय नाही. थंड क्रीममध्ये कोरडी पूड टाकली की ती जिभेवर भुकटीसारखीच लागते, आणि दालचिनी तर ओलाव्यात बुळबुळीत होते. म्हणून गर आटत आला की पॅनच्या मध्यात जागा करून चमचाभर लोणी सोडायचं, त्यात तीन छोटे चमचे मसाला अर्धा मिनिट परतायचा आणि मग सगळं एकत्र करायचं. चिमूटभर मीठ याच वेळी. दुसरं असं की थंडगार पदार्थात गोडी आणि वास दोन्ही दबतात. कोमट सारण चाखून "बरोबर झालंय" म्हटलं की उद्या ते फिकं लागणार. कोमट असताना मसाला थोडा अंगावर आला पाहिजे. मी चमचाभर सारण बशीत घेऊन दहा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवते, मग चाखते आणि ठरवते.

तळाचा थर उरकून टाकला. ग्रॅहम क्रॅकर बिस्किटांची १८० ग्रॅम भरड, ८५ ग्रॅम वितळलेलं लोणी, दोन मोठे चमचे ब्राउन शुगर, किंचित मीठ. ओल्या वाळूसारखं दिसलं की २३ सेंटिमीटरच्या, कडा सुटणाऱ्या भांड्यात ओतून सपाट बुडाच्या पेल्याने घट्ट दाबायचं. इथे हात आखडता घेऊ नये. दाबायला कंटाळलं की कापताना सगळा भुगा होतो. मग भांडं अर्धा तास फ्रीजरमध्ये. लोणी गोठलं की भुग्यावर त्याचा लेप बसतो आणि वरचा ओलावा खाली उतरायला उशीर लागतो. ज्याच्या नावाने ही बिस्किटं आहेत तो सिल्व्हेस्टर ग्रॅहम एकोणिसाव्या शतकातला धर्मोपदेशक होता, १८५१ मध्ये वारला. जाड्याभरड्या गव्हाच्या पिठाचा कट्टर पुरस्कर्ता, मांस, मद्य आणि मसाले यांचा तितकाच कट्टर विरोधक. त्याच्या नावाचं बिस्किट आज लोणी-साखरेत मळून मसालेदार क्रीमच्या खाली अंथरलं जातं हे त्याला दाखवायला हवं होतं.

आता बसवणं. ओव्हन आणि अंडी दोन्ही नसताना सारण कशाने उभं राहणार, हा खरा प्रश्न. जिलेटिन सगळ्यात सोपं. सात ग्रॅमची पुडी थंड पाण्यावर पाच मिनिटं भिजवून फुगवायची, हलक्या आचेवर विरघळवायची, मिसळायची. पण ते जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून काढतात, आणि आमच्या टेबलावर निम्मी माणसं शाकाहारी. न सांगता वाढणं योग्य नाही आणि सांगितलं तर निम्मी माणसं खाणार नाहीत. शिवाय प्रमाण जरा चढलं की चीजकेक रबरासारखा लवलवतो, तो मला आवडत नाही.

अगर समुद्री शेवाळापासून होतं, त्यामुळे शाकाहाराचा प्रश्न सुटतो, पण त्याचा स्वभाव वेगळा. ते नुसतं गरम पाण्यात विरघळत नाही, उकळवावंच लागतं, दोन-तीन मिनिटं नीट. आणि एकदा ४० अंशांच्या खाली येऊ लागलं की फ्रिजबाहेरसुद्धा गोठतं. म्हणजे थंड क्रीम चीजमध्ये ओतलं की मिसळायच्या आतच त्याच्या गुठळ्या. ते वापरायचं तर भोपळ्याच्या गरम गरात घालून, सगळे घटक कोमट ठेवून झपाट्याने काम उरकावं लागतं. अगरने बसलेला पदार्थ तोंडात विरघळतही नाही, कारण ते पुन्हा वितळायला ८५ अंशांच्या आसपास उष्णता लागते. तो दाताखाली तुटतो. भोपळ्याच्या जेलीवड्या करायच्या असतील तर फार छान. चीजकेकला नाही.

माझी पसंती व्हाइट चॉकलेटला. त्यात कोको बटर असतं, अमेरिकी नियमाप्रमाणे निदान २० टक्के, आणि कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं. म्हणजे फ्रिजमध्ये ते कडक होऊन सगळं सारण आतून धरून ठेवतं, आणि तोंडात गेलं की अंगच्या उष्णतेने विरघळतं. नुसत्या क्रीम चीज आणि फेटलेल्या क्रीमवर उभा केलेला चीजकेक फ्रिजबाहेर थोड्याच वेळात मान टाकतो. चॉकलेट असेल तर त्याला बराच धीर येतो. घटक वाचून घ्यावेत. कोको बटरऐवजी पामतेल असलेल्या पांढऱ्या वड्याही तशाच दिसतात. त्याही थंडीत घट्ट होतात, पण जिभेवर मेणचट थर ठेवून जातात.

प्रमाण असं: ४५० ग्रॅम क्रीम चीज, आटवलेला २८० ग्रॅम गर, १७० ग्रॅम व्हाइट चॉकलेट, ९० ग्रॅम पिठीसाखर, २४० मिलिलिटर हेवी क्रीम. मेपल सिरप घालायचा मोह होतो, त्या ऋतूत तर फारच. पण त्यात साधारण एक तृतीयांश पाणी असतं. एवढ्या मेहनतीने बाहेर काढलेलं पाणी दुसऱ्या दाराने आत घ्यायचं कशाला? हौस असेल तर वाढताना वरून धार सोडावी.

इथून पुढे सगळा खेळ तापमानाचा आहे, आणि जरा विचित्र आहे, कारण तीन गोष्टी तीन वेगळ्या तापमानांना हव्या असतात. क्रीम चीज फ्रिजबाहेर काढून दीड-दोन तास ठेवलेलं, बोट सहज रुतेल इतकं मऊ. भोपळा पूर्ण निवलेला, पण गार नाही. चॉकलेट वितळवून अंगाला लागेल न लागेल इतपत कोमट. आधी क्रीम चीज एकटंच फेटायचं, साखर घालून पुन्हा फेटायचं, भांड्याच्या कडा खरवडून पुन्हा. गुठळी या टप्प्यावरच मरते. एकदा भोपळा पडला की कितीही फेटा, पांढरे ठिपके हटत नाहीत. मग गर. मग चॉकलेट, बारीक धारेने, मिक्सर चालू ठेवून. क्रीम चीज थंड असलं तर चॉकलेट जागच्या जागी गोठतं आणि खाताना वाळूचे कण लागल्यासारखं वाटतं.

क्रीमचं उलट. ते जितकं थंड तितकं बरं. हेवी क्रीममध्ये निदान ३६ टक्के स्निग्धांश असतो. फेटताना त्याचे थंड, टणक कण एकमेकांना अर्धवट चिकटून हवेच्या बुडबुड्यांभोवती भिंत बांधतात. क्रीम कोमट असलं की स्निग्धांश मऊ पडतो आणि भिंत उभीच राहत नाही. भांडं आणि फेटणीसुद्धा मी पंधरा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवते. फेटणी उचलल्यावर टोक उभं राहून किंचित वाकलं की थांबायचं. आणखी मिनिटभर फेटलं तर लोण्याची वाट धरतं.

हे क्रीम भोपळ्याच्या मिश्रणात मिक्सरने मिसळायचं नाही. आधी त्यातलं पाव क्रीम घालून मिश्रण सैल करायचं, मग उरलेलं दोन खेपांत, रबरी उलथन्याने तळापासून वर उचलत, भांडं फिरवत. पांढरी रेघ दिसेनाशी झाली की हात थांबवायचा. गार पडलेल्या बिस्किटाच्या थरावर ओतून वरचा भाग सारखा केला आणि झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला. चार तासांत बसतो असं सांगणारे भेटतात. चार तासांत वरून बसतो. मध्यापर्यंत थंडी पोचायला आठ तास तरी द्यावेत. झाकण असं हवं की प्लॅस्टिक वरच्या भागाला टेकणार नाही, पण कांदा-लसणाचा वासही आत शिरणार नाही, कारण क्रीम चीज फ्रिजमधला प्रत्येक वास ओढून घेतं.

ट्रफलमध्ये पाण्याशी झगडा आणखी कडक. तिथे चॉकलेट जास्त आणि गर कमी, त्यामुळे गर चीजकेकपेक्षाही घट्ट लागतो, जवळजवळ पेस्टसारखा. वितळलेल्या चॉकलेटमध्ये पाण्याचे चार थेंब पडले की ते एकदम आवळून खरखरीत होतं, कारण त्यातली साखर तेवढं पाणी शोषून चिकटते आणि गोळा बनते. गंमत अशी की पाणी आणखी पुष्कळ असेल तर तसं होत नाही. मग गनाश, म्हणजे मऊ, गुळगुळीत चॉकलेटचं मिश्रण, तयार होतं. चार थेंब वाईट, चार चमचे चालतात. म्हणून गर थेंबाथेंबाने न घालता एकदम सगळा घालायचा आणि जोरात ढवळायचं.

मी घेतलं ते असं: २०० ग्रॅम व्हाइट चॉकलेट, ८० ग्रॅम घट्ट गर, ६० ग्रॅम क्रीम चीज, १५० ग्रॅम आल्याच्या बिस्किटांचा बारीक चुरा, मसाला. बिस्किटांचा चुरा उरलासुरला ओलावा पिऊन घेतो, म्हणून मिश्रण पहिल्यांदा सैल वाटलं तरी घाबरून आणखी चुरा टाकू नये. दोन तास फ्रिजमध्ये गेलं की त्याचं तेच घट्ट होतं. चुऱ्याऐवजी कच्चं गव्हाचं पीठ घालून "कुकी डो"सारखे गोळे करण्याची एक टूम आहे. तिच्या वाटेला जाऊ नये. पीठ ही कच्चीच वस्तू आहे, दळताना त्यातले जंतू मरत नाहीत, आणि इथे पुढे त्याला आच लागणारच नसते.

गोळे वळायला हात थंड पाहिजेत. लहान आइस्क्रीम स्कूपने सारखे काढले, मग तळव्यांत झटकन फिरवले. ते पुन्हा गार केले, पण चॉकलेटमध्ये बुडवण्याआधी पंधरा मिनिटं बाहेर ठेवले. फ्रिजमधून थेट बुडवलं की वरचं कवच लगेच गोठतं, आतला गोळा पुढे सामान्य तापमानाला येताना फुगतो आणि कवचाला तडा जातो. त्या तड्यातून चिकट सारण डोकावतं.

बुडवायला डार्क चॉकलेट, कारण आतलं सारण पुष्कळ गोड आहे. ते टेंपर केलं. दोन तृतीयांश चॉकलेट ४५ ते ५० अंशांपर्यंत वितळवायचं, खाली उतरवून उरलेले तुकडे त्यात टाकत ढवळत राहायचं, ३१-३२ अंशांवर आलं की कामाला घ्यायचं. न वितळलेले तुकडे कोको बटरला योग्य स्फटिक धरायला शिकवतात, आणि मग कवच चकचकीत, टणक, हाताला न लागणारं होतं. हा उपद्व्याप नको असेल तर नुसतं वितळवलेलं चॉकलेटही फ्रिजमध्ये कडक होतंच. फक्त बाहेर काढल्यावर ते लवकर मऊ पडतं, बोटांना लागतं आणि करडे डाग धरतं. पोरांसाठी करताना मी ते चालवून घेते. काट्यावर गोळा घ्यायचा, बुडवायचा, काटा भांड्याच्या कडेवर दोनदा आपटायचा, कागदावर सरकवायचा आणि कवच ओलं असतानाच वर दालचिनी-साखर भुरभुरायची.

वरच्या सजावटीला भोपळ्याच्या बिया केल्या. कोरलेल्या भोपळ्यातून निघणाऱ्या पांढऱ्या कवचाच्या नव्हेत. हिरव्या, सोललेल्या, पेपिता म्हणून मिळतात त्या. कोरड्या पॅनमध्ये तडतडून फुगेपर्यंत भाजल्या, साखरेचा तपकिरी पाक करून त्यात घोळवल्या, कागदावर पसरून गार झाल्यावर फोडल्या. या घट्ट झाकणाच्या डब्यात वेगळ्या नेल्या. फ्रिजमध्ये चीजकेकवर ठेवल्या असत्या तर साखरेने ओलावा ओढून सगळा चिकचिकाट केला असता.

न्यायचं कसं, याचा विचार करताना गाडीतला हीटर विसरू नये. चीजकेक भांड्याची कडा न काढता, बर्फाच्या पिशव्यांवर, सपाट तळाच्या शीतपेटीत नेला. कडा तिथे पोचल्यावर काढली. आधी पातळ सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, आतून कडेने फिरवली, मग खटका सोडला. कापतानाही तेच: गरम सुरी, प्रत्येक कापानंतर पुसलेली. नणंदेच्या सासूबाई शेजारी उभ्या राहून बघत होत्या. "अंडं नाही म्हणतेस, जिलेटिन नाही, ओव्हन नाही, मग उभा कशाच्या बळावर आहे गं हा?" मी म्हटलं, "चॉकलेटच्या, काकू." त्यांनी पहिला तुकडा स्वतःसाठी बाजूला काढून ठेवला.

टेबलावर ठेवण्याला मर्यादा आहे. क्रीम आणि क्रीम चीज असलेला पदार्थ सामान्य तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, हा इथल्या कृषी खात्याचा सर्वसाधारण नियम. अशा जेवणावळी पाच-सहा तास चालतात आणि गोड सकाळपासून मांडून ठेवायची हौस असते. मी अर्धा चीजकेकच बाहेर काढला, तो संपत आल्यावर दुसरा अर्धा. ट्रफलही छोट्या ताटलीत थोडे थोडे. चॉकलेटच्या कवचामुळे ते टिकाऊ दिसतात, पण आत ओला भोपळा आणि चीज आहे. तेही फ्रिजचेच जीव.

चीजकेक आधी करून ठेवायचा असेल तर जेवणाच्या आदल्या दिवशी करावा. तीन दिवस चांगला राहतो, पण दुसऱ्या दिवसानंतर तळ मऊ पडू लागतो. ट्रफल मात्र बरेच आधी होतात. हवाबंद डब्यात फ्रीजरमध्ये ठेवून, वाढण्याच्या आदल्या रात्री डबा न उघडता फ्रिजमध्ये उतरवायचा, म्हणजे दव डब्याच्या बाहेर धरतं, चॉकलेटवर नाही.

डब्यातला गर उरला तर तो काचेच्या बरणीत भरून, उकळून, फडताळात ठेवायच्या भानगडीत पडू नये. भोपळ्यात आम्लता कमी आणि वाटलेला गर दाट, त्यामुळे मध्यापर्यंत उष्णता खात्रीने पोचत नाही आणि बोटुलिझमचा, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेचा, धोका राहतो. घरी बरणीबंद करायचाच असेल तर कृषी खातं फक्त फोडींना, तेही प्रेशर कॅनरमध्येच, परवानगी देतं. गर फ्रीजरमध्ये ठेवावा. मी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून वड्या पिशवीत भरते. वितळल्यावर तो पहिल्यापेक्षा जास्त पाणी सोडतो, कारण बर्फाचे स्फटिक पेशींच्या भिंती फोडतात. ते ओतून द्यायचं आणि कागदी टॉवेलची घडी पुन्हा पसरायची.